घड्याळ, मैदान आणि हाताने लिहिलेला अंक

मासवण हे पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, सूर्या नदीकाठचे गाव. काही वर्षांपूर्वी, भातकापणी उरकल्यानंतरच्या दिवसांत, तिथल्या एका शाळेच्या मैदानावर आम्ही काही शिक्षकांबरोबर शंभर मीटर मोजत होतो. विषय होता 'मापन आणि त्यातील चुका'. फळ्यावर हा विषय फारच कोरडा होतो, म्हणून तो मैदानावर न्यायचा असे ठरले होते. फक्कीची एक रेघ सुरुवातीला, एक शेवटी. शेवटच्या रेघेपाशी चार शिक्षक हातात मोबाइलमधले स्टॉपवॉच घेऊन उभे. शिट्टी वाजली, आठवीचा एक मुलगा अनवाणी धावत सुटला आणि चार घड्याळांनी चार उत्तरे दिली. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा फरक होता.

हा फरक कुठून आला ते शोधायला फार वेळ लागला नाही. दोघा शिक्षकांनी शिट्टी ऐकून घड्याळ सुरू केले होते आणि दोघांनी शिट्टी वाजवणाऱ्याचा खाली येणारा हात पाहून. आवाजाला शंभर मीटर यायला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. म्हणजे शिट्टी कानावर पडेपर्यंत मुलगा निघालेला असतो आणि ऐकणाऱ्याचे घड्याळ त्याला फुकटचे पाव सेकंद बहाल करते. त्यात डोळ्याने पाहून बोटाने कळ दाबायला लागणारा वेळ, साधारण ०.२ सेकंद, प्रत्येकाचा थोडा वेगळा. इथपर्यंत सगळे आमच्या योजनेप्रमाणे चालले होते. मग शेवटच्या रेघेपाशी बसलेल्या एका मुलीने विचारले, "सर, मोबाइल नव्हते तेव्हा कसं मोजायचे?" आणि लगेच तिच्या शेजारणीने, "आणि लिहून कोण ठेवायचं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला बऱ्यापैकी माहीत होते. दुसऱ्यासाठी मात्र वाचावे लागले. ते वाचन शंभरेक वर्षांपूर्वीच्या पुण्या-मुंबईच्या कॉलेजांपाशी जाऊन पोचले. कारण आपल्याकडे खेळ मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय रुजली ती साधारण तिथे आणि तेव्हा.

खेळ अर्थातच त्याआधीही होते. तालमी होत्या, कुस्त्या होत्या, आट्यापाट्या, खोखो, हुतुतू होते. डेक्कन कॉलेजात दाखल झालेल्या टिळकांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावण्यात घालवले, ही गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. पण टिळकांनी त्या वर्षी किती जोर काढले किंवा किती अंतर पोहले याची नोंद कुणी ठेवली नाही, आणि ठेवावी असे कुणाला वाटलेही नसणार. तालमीत कोण कुणाला भारी आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, त्याला आकडा लागत नाही. आकडा लागतो तो तिथे हजर नसलेल्या माणसाला पटवायचे असेल तेव्हा. नागपूरचा पळणारा जोरात की पुण्याचा, हे दोघांना समोरासमोर न आणता ठरवायचे असेल तर सारखे अंतर, सारखे घड्याळ, सारखे नियम आणि कागद एवढे सगळे जमावे लागते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटत नाही. एका ठिकाणी केलेला प्रयोग दुसऱ्या ठिकाणी पडताळायचा असेल तर हेच करावे लागते.

कॉलेजांमध्ये या गोष्टी एकत्र आल्या. इंग्रजी शिक्षणाबरोबर क्रिकेट आले, जिमखाना आला, आणि छापील किंवा हस्तलिखित नियतकालिकही आले. यातले हस्तलिखित आज जवळजवळ विसरले गेले आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सांगतो.

हस्तलिखित अंकाची एकच प्रत असे. चांगल्या अक्षराचा एक विद्यार्थी लेखनिक होई, चित्रकलेचे अंग असलेला दुसरा मुखपृष्ठ रंगवी, आणि तो एकच अंक वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून फिरे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'आर्यन वीकली' नावाचे असे एक साप्ताहिक निघत होते. ते काढणारा विद्यार्थी म्हणजे विनायक दामोदर सावरकर. देशभक्ती, साहित्य, इतिहास यांबरोबर त्यात विज्ञानावरही लेख असत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. कॉलेजने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. तेव्हाचे प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाला होता आणि सगळ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले होते. त्याच परांजप्यांवर आता टिळकांनी 'केसरी'तून टीका केली. एका मोठ्या गणितज्ञाची गाठ आपल्याच वसतिगृहातल्या एका हस्तलिखिताच्या संपादकाशी पडली. आजच्या प्राचार्यांना हा प्रसंग फार परका वाटू नये.

एकच प्रत निघण्यामागे मुख्य कारण पैसा हे होते. शाई आणि कागद परवडत, छापखाना परवडत नसे. पण दुसरेही कारण होते. १९१० च्या प्रेस कायद्याने छापखान्याच्या मालकाकडून सरकारला अनामत रक्कम मागता येऊ लागली आणि मजकूर आक्षेपार्ह वाटला तर ती जप्तही करता येऊ लागली. विद्यार्थ्यांचे तिखट लिखाण छापायला कोणता मालक हौसेने पुढे येईल? हाताने लिहिलेल्या अंकाला मालकच नव्हता. अर्थात या प्रकाराला मोठी किंमत द्यावी लागली. एक प्रत म्हणजे एकदा हरवली की कायमची हरवली. वाळवी, पाऊस, घर बदलताना विकलेली रद्दी. पडताळून पाहायला दुसरी प्रत नसणे ही आमच्या कामात फार वाईट परिस्थिती समजली जाते.

कॉलेजची छापील मासिके टिकली, कारण त्यांच्या प्रती ग्रंथालयात गेल्या. त्यांचा बराचसा मजकूर इंग्रजीत असे. जुने अंक चाळले की एक ठराविक रचना दिसते: प्राचार्यांचे निवेदन, एखादा निबंध, थोड्या कविता, वादसभेचा वृत्तान्त आणि शेवटी जिमखान्याची हकिगत. ती हकिगत बहुतेक वाचक आधी वाचत असावेत, असा आमचा अंदाज आहे. आम्ही विद्यार्थी असताना तरी तसेच करत होतो. या मासिकांना कमी लेखण्याचे कारण नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते तेव्हा, १९३९ च्या सुमारास, त्यांनी समाज आणि इतिहास या विषयांवरचे आपले काही लेख कॉलेजच्या मासिकातच दिले. पुढे ज्यांच्या पुस्तकांनी भारतीय इतिहासलेखनाची वाट बदलली त्या माणसाला कॉलेजचे मासिक लहान वाटले नाही.

आता मैदानाकडे येऊ.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. ती कॉलेजची संस्था नव्हती, पण फर्ग्युसनच्या शेजारची होती आणि तिथे वावरणारी मंडळी बरीचशी शिकलेली होती. १९१९ साली जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धांना अध्यक्ष म्हणून दोराबजी टाटा आले. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव केंब्रिजला शिकलेले आणि खेळांचे शौकीन. लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांनी पाहिले की धावणारे बहुतेक शेतकरी घरांतले आहेत, त्यांच्या पायात काही नाही, त्यांना कुणी शास्त्रशुद्ध शिकवलेले नाही. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या आहेत. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिक होणार होते. यांना तिथे पाठवले पाहिजे, असे टाटांच्या मनाने घेतले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला आणि काही पैसे टाटांचे, काही सरकारचे, काही लोकवर्गणीचे असे करून खरोखरच एक चमू पाठवला गेला.

या गोष्टीतली आम्हाला महत्त्वाची वाटणारी बाब अशी, की टाटांना जे पटले ते घड्याळामुळे पटले. 'पोरं जोरात पळतात' एवढ्यावर गव्हर्नर हलला नसता. कुणीतरी रस्ता मोजला होता, कुणीतरी घड्याळ धरले होते आणि कुणीतरी आकडा लिहून ठेवला होता. शेतकऱ्याच्या मुलाच्या पायांचे बळ समुद्रापार पोचले ते या आकड्याच्या रूपाने.

सगळ्यांनाच आकड्यांची समज होती असे मात्र नाही. त्या वेळच्या बैठकीतला एक किस्सा सांगितला जातो. ऑलिंपिकला पाठवायचे तर शंभर मीटरला साधारण किती वेळ लागला पाहिजे, असे विचारल्यावर जिमखान्याचे एक सभासद म्हणाले, एक ते दोन मिनिटे. इथे मिनिटांचा नव्हे, सेकंदांचा आणि सेकंदाच्या भागांचा प्रश्न असतो, हे ऐकून ते थक्क झाले. आपण हसतो, पण मासवणच्या त्या मैदानावर, शंभर मीटर धावायला किती वेळ लागेल याचा अंदाज घड्याळ न दाखवता विचारला तेव्हा 'एक मिनिट' हे उत्तर आम्हाला दोनदा मिळाले. एकदा मुलांकडून आणि एकदा शिक्षकांकडून. परिमाणाची जाण पुस्तकातून येत नाही. ती स्वतः घड्याळ धरल्यावर येते.

अँटवर्पला गेलेल्यांत चार धावपटू आणि दोन मल्ल होते. बंगालचे पूर्मा बॅनर्जी कमी अंतराच्या शर्यतींसाठी. बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे दातार आणि हुबळीचे कैकाडी लांब पल्ल्यासाठी. कुस्तीला मुंबईचे नवले आणि कोल्हापूरचे शिंदे. शिंदे आपल्या वजनगटात चौथे आले. म्हणजे पदक एका पायरीने हुकले, तेही भारताच्या पहिल्याच चमूत. कोल्हापूरच्या मातीतल्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते १९५२ साली, बत्तीस वर्षांनी. शिंद्यांचे नाव किती जणांना आठवते?

चौगुले मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. पहिला आलेला फिनलंडचा हॅनेस कोलेमाइनेन. त्याची वेळ २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद. हे दोन आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत असे आहेत. दोन्हींच्या शेवटी दशांश आहे, .४ आणि .८. त्या ऑलिंपिकच्या निकालातले इतर आकडेही पाहा. शंभर मीटर जिंकणाऱ्या चार्ली पॅडॉकची वेळ १०.८ सेकंद. दशांशाच्या जागी सम आकडेच का येतात? याचे उत्तर घड्याळाच्या पोटात आहे. त्या काळचे नेहमीचे खिशातले घड्याळ तासाला १८,००० ठोके देई. भागाकार केला तर सेकंदाला पाच. काटा ठोक्यागणिक पुढे सरकतो, दोन ठोक्यांच्या मध्ये थांबू शकत नाही. म्हणून तो फक्त ०, ०.२, ०.४, ०.६ आणि ०.८ यांपैकी एका जागी उभा राहू शकतो. एक पंचमांश सेकंदापेक्षा बारीक काही त्या घड्याळाला दिसतच नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या निकालपत्रकातल्या सम आकड्यांवरून, ते घड्याळ न पाहता, आपण त्याच्या आतल्या यंत्राबद्दल एवढे सांगू शकतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला 'लघुतम माप' शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही. व्हर्नियर कॅलिपरपेक्षा ते मुलांच्या नक्की लक्षात राहते.

आणखी एक गंमत. आज मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ठरले खरे, पण कायमचे प्रमाण म्हणून ते मान्य झाले १९२१ साली. अँटवर्पची शर्यत सुमारे ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे ५५५ मीटर जास्त. घड्याळ सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत काटेकोर आणि रस्ता अर्धा किलोमीटर सैल! चौगुल्यांच्या वेळेला अंतराने भागले तर दर किलोमीटरला ३ मिनिटे ५९.७ सेकंद येतात, म्हणजे तासाला १५ किलोमीटर. त्याच वेगाने आजचे अंतर धरले तर वेळ होते २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंद. मोटार रस्त्यावर सायकल मारणाऱ्या कुणालाही विचारा, तासाला १५ किलोमीटर हा वेग पावणेतीन तास टिकवणे काय असते ते. कोलेमाइनेन किलोमीटरमागे साधारण २५ सेकंद पुढे होता. पण त्याच्यामागे फिनलंडमधली धावण्याची परंपरा होती आणि आठ वर्षांपूर्वीच्या ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके होती. चौगुल्यांमागे काय होते? डेक्कन जिमखान्याची एक शर्यत आणि बोटीचा लांबचा प्रवास.

आता त्या दुसऱ्या मुलीचा प्रश्न. लिहून कोण ठेवायचे?

धावणारे एका थरातले आणि लिहिणारे दुसऱ्या थरातले, असे त्या काळात झाले. कॉलेजच्या मासिकात कॉलेजची मुले स्वतःबद्दल लिहीत, त्यामुळे एखाद्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यातल्या चिल्लर धावसंख्याही टिकल्या. पण या सहा जणांपैकी काहींची नावेसुद्धा धड टिकली नाहीत. कोल्हापूरच्या शिंद्यांचे नाव ऑलिंपिकच्या नोंदींत 'शिंदेस' असे आहे. हा शेवटचा 'स' कुठून चिकटला कोण जाणे. मल्लांची आद्याक्षरे वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळी आढळतात. दातारांचे तसेच. कैकाडी यांच्या बाबतीत तर आडनाव म्हणून जे उरले आहे ते मुळात टोपल्या विणणाऱ्या एका जमातीचे नाव. प्रयोगाच्या वहीत वेळ पंचमांश सेकंदापर्यंत लिहायची आणि नमुन्यावर चिठ्ठी मात्र अर्धवट लावायची, असा हा प्रकार झाला. आमच्या प्रयोगशाळेत कुणी असे केले तर त्याला ते काम पुन्हा करावे लागते.

ही दरी क्रिकेटमध्ये अधिक उघडी दिसते. पळवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर कामाला होते. खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा नावाजलेला फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास सराव करून घेई, आणि त्या सरावातून बाळूंची डावखुरी फिरकी तयार झाली. फलंदाजी करायला मात्र त्यांना कधी मिळाली नाही. पुढे पुण्यातल्या हिंदू क्लबाने त्यांना खेळायला घेतले, कारण विकेट हव्या होत्या. पण चांभार समाजातल्या या गोलंदाजाला चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हाती फिरत होता. कप मात्र वेगळा.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले आणि पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेत लागले. मासवणला मुलांना हे सांगताना आम्ही पश्चिमेकडे बोट दाखवले. पालघर, बोईसर, डहाणूवरून जाणारी लाइन तीच, तेव्हाची बी. बी. सी. आय., आताची पश्चिम रेल्वे. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. हा आकडा कुणाला खोडता येत नाही. संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. आकडे टिकले म्हणून हा अन्याय आज मोजता येतो. फक्त आठवणी टिकल्या असत्या तर 'होता एक बरा गोलंदाज' इतकेच उरले असते.

याच काळात देशी खेळांनाही कागदावर आणण्याचे काम सुरू झाले. पुणे, सातारा, बडोदे इथल्या मंडळींनी खोखो आणि हुतुतूचे नियम लिहायला घेतले, तेव्हा लक्षात आले की हुतुतू हा एक खेळ नाहीच. संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे निदान तीन प्रकार. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी परत येतो, गामिनीत तो डाव संपेपर्यंत बाहेरच बसतो, आणि अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राहतो, फक्त गुण मोजायचे. कोणता निवडायचा, यावर लोक तावातावाने भांडले. त्यात नवल नाही. मीटर किती लांबीचा धरायचा यावरही देश भांडलेले आहेत.

हुतुतूमधल्या एका गोष्टीचे मात्र आम्हाला फार कौतुक वाटते. चढाई करणाऱ्याने एका श्वासात परत यायचे हा नियम. पण दुसऱ्याचा श्वास मोजायचा कसा? छातीला यंत्र लावून? आपल्या पूर्वजांनी त्यावर तोड काढली ती म्हणजे तोंडाने सतत 'हुतुतू' म्हणत राहणे. सलग आवाज हा बाहेर जाणाऱ्या हवेवर चालतो. श्वास आत घ्यायचा तर आवाज तुटतो आणि सगळ्या मैदानाला ऐकू येतो. म्हणजे जे दिसत नाही त्याचे रूपांतर जे ऐकू येते त्यात केले. एका शब्दाचे हे मापनयंत्र बिनखर्चाचे आणि पावसापाण्यात बिघडणारे नव्हे. आज कबड्डीत चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे आणि घड्याळ भिंतीवर चमकत असते, तरी 'कबड्डी कबड्डी' म्हणणे सुटलेले नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. जर्मन प्रेक्षकांना त्या गुणगुणण्याचा अर्थ कितपत लागला असेल, असे मनात येते.

पालघर भागातल्या मुलांना या सगळ्यात जागा कुठे होती? त्या काळी इथे कॉलेज नव्हते. कॉलेजात जायचे म्हणजे गाडीत बसून मुंबई किंवा पुढे पुणे गाठायचे, आणि ते ज्यांच्या घरी ऐपत व परंपरा होती त्यांनाच जमे. केळवे-माहीमला १८९६ साली जन्मलेले शंकर वामन दांडेकर असे पुण्याला गेले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, वारकरी आणि पुढे सर परशुरामभाऊ कॉलेजचे प्राचार्य म्हणून महाराष्ट्र त्यांना सोनोपंत किंवा मामासाहेब दांडेकर या नावाने ओळखतो. त्याच कॉलेजात संस्कृत शिकवत होते प्रा. दि. ब. देवधर. सकाळी वर्गात संस्कृत शिकवायचे आणि सुटीत क्रिकेट खेळायचे, असा हा माणूस. १९२६ साली मुंबईत एम. सी. सी.च्या संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या आणि चाळिशी उलटून कितीतरी वर्षे झाल्यावर महाराष्ट्राला लागोपाठ दोन वेळा, १९३९-४० आणि १९४०-४१ साली, रणजी करंडक मिळवून दिला. १९९३ साली ते गेले तेव्हा त्यांचे वय १०१ होते. पालघरला कॉलेज आले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याला सोनोपंतांचेच नाव आहे. केळव्याच्या मुलाला पुण्याला जावे लागले, आता मासवणच्या मुलाला एका एसटीत कॉलेज गाठता येते. वारली, मल्हार कोळी, कातकरी घरांतली जी मुले त्या मैदानावर धावत होती, त्यांच्या आजोबांची एकही वेळ कुठल्या कागदावर नाही. ती माणसे धावत नव्हती असे नाही. जंगलात आणि खाडीच्या चिखलात पोट भरणाऱ्याला धावावेच लागते.

मुलांना हे सगळे आम्ही एका दिवसात सांगितले नाही. दोन-तीन फेऱ्यांत, तुकड्यातुकड्याने सांगितले. शाळेत एक भित्तिपत्रक होते, पुठ्ठ्यावर चिकटवलेले कागद, दर महिन्याला बदलणारे. शर्यतींचे निकाल त्यावर लावायचे ठरले. नेहमीच्या पद्धतीने आठवीच्या संपादकांनी पहिल्या तिघांची नावे लिहिली. मग प्रश्न विचारणाऱ्या त्या दोघी उठल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांची लिहायची. धावलेली मुले एकोणचाळीस होती. कागद पुरेना, तेव्हा कॅलेंडरच्या पाठीमागची बाजू आणली. नावे पूर्ण लिहायची, घरच्या हाकेची नाही, यावर थोडा वाद झाला. एका मुलाला स्वतःचे पूर्ण नाव कसे लिहायचे याची खात्री नव्हती, तेव्हा हजेरीपट आणून बघावे लागले. हजेरीपटावर त्याच्या वडिलांचे नाव चुकलेले आहे, असे त्याचे म्हणणे पडले. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी विचारायचे कबूल केले आणि तोवर ती जागा कोरी ठेवली.

राहिला वेळेचा रकाना. प्रत्येक धावणाऱ्यासमोर चार घड्याळांचे चार आकडे होते. सरासरी काढावी असे आम्ही सुचवले. मुलांनी ऐकून घेतले, सरासरी काढली, आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरांत चारही आकडे लिहिले. शिवाय त्याखाली, कुणी शिट्टी ऐकून घड्याळ लावले होते आणि कुणी हात पाहून, तेही.